फदुंगच्या बदामाची पानं

मासा न बघता, नुसतं त्याच्या मालकाकडे बघून रोग सांगता येतो, असं फदुंगचं म्हणणं होतं. माणूस गुबगुबीत असला की माशाचं पोट फुगलेलं असणार. बाई हातरुमालाने नाक पुसत आली की रोजच्या रोज पाणी बदलून तिनं मासा अर्धमेला केलेला असणार. आणि एखादा तरणा गडी खिशातून मोबाइल काढून माशाचा फोटो दाखवायला लागला, तर त्याला फदुंग सांगे की तू मोबाइलच पाळ, तो मरत नाही. बँकॉकजवळच्या नाखोन पाथोमच्या त्या गावात झुंजार मासे पाळणारी चाळीसेक घरं होती आणि फदुंगच्या लेखी ती चाळीसच्या चाळीस घरं अडाणी होती. तरी मासा आडवा झाला की सगळे त्याच्याच अंगणात येत. त्याचं निदान चुकल्याचं कधी त्याच्या कानावर आलं नव्हतं. ज्यांचे मासे मरत, ते सांगायला परत येत नसत.

त्याचं औषध म्हणजे विहाराच्या आवारातल्या बदामाची गळलेली पानं. धुऊन, पत्र्यावर वाळवून पाण्यात सोडली की पाणी चहासारखं लाल होतं आणि माशाच्या जखमा भरतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण फदुंगची पानं वेगळी मानायची, कारण ती फदुंगने वेचलेली. खरेदीला कुणी आलंच तर पानं मोजून देताना तो अशा तोऱ्यात देई की घेणाऱ्याला आपण भीक मागायला आलोय असं वाटावं.

एका गोष्टीवर मात्र त्याचा खरा जीव होता. बावीस वर्षं निवडून निवडून त्यानं माशांचा एक वाण तयार केला होता. अंग जुन्या तांब्याच्या भांड्याच्या रंगाचं आणि परांच्या कडेला हिरवट झाक. असा मासा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. गेल्या वर्षीच्या पुरात सगळ्या बाटल्या वाहून गेल्या आणि उरली एकच जोडी. तिनं एकदा पिल्लं दिली आणि महिन्याभरात दोघं गेली. त्या पिल्लांतल्या तीन माद्या आणि दोन नर मोठे झाले. दोनातल्या एकाची शेपटी जन्मापासून वाकडी, म्हणून फदुंगने त्याला मोजलाच नाही. बँकॉकची एक बालवाडीची शिक्षिका पानं घ्यायला आली होती, तिला "घेऊन जा हा कचरा" म्हणून तो देऊन टाकला. उरला एक नर. तो आता जोडी लावायच्या वयाचा झाला होता. तो गेला तर वाण संपला, एवढा सरळ हिशेब होता.

शिक्षिकेचं नाव विपावी. तिनं त्या कचऱ्याचं नाव ठेवलं होतं भोपळा. यावरून फदुंग बायकोजवळ दोन दिवस हसत होता.

त्या रविवारी विपावी पुन्हा आली. हातात कागदात गुंडाळलेलं बदामाचं एक पान होतं.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "आठवड्यापूर्वी तुमच्याकडून नेलेलं हे पान टाकलं आणि भोपळा वेड्यासारखा करायला लागला. काचेवर धडका मारत होता. मग तळाला जाऊन आडवा पडला. मी घाबरून सगळं पाणी ओतून दिलं, साध्या शिळ्या पाण्यात ठेवला. दोन दिवसांत बरा झाला. मला वाटतं पानातच काहीतरी..."

"तुला वाटतं," फदुंग म्हणाला.

"हो. म्हणजे, तसं दिसलं."

"किती दाणे घालतेस रोज?"

"चार. पण खाणं नाही काका, त्याआधी तो चांगला होता."

"चार म्हणजे सहा घालत असशील. मुलांना खाऊ वाटायची सवय. पोट तट्ट फुगलं, त्यानं धडका मारल्या. त्यात तू सगळं पाणी एकदम ओतून दिलंस. अगं, सगळं पाणी एकदम बदललं की मासा मरतो, हे बालवाडीतलं पोर सांगेल. जगला हे त्याचं नशीब, तुझी अक्कल नव्हे."

"पण जगला ना," विपावी हळूच म्हणाली.

पेज ढवळणाऱ्या लमायने, म्हणजे फदुंगच्या बायकोने, मान वर करून त्या पोरीकडे पाहिलं. फदुंगने तिच्या हातातलं पान घेतलं, चुरगाळून चुलीत टाकलं आणि टोपलीतली दोन नवी पानं तिच्या हातावर ठेवली. "एक नव्हे, दोन टाकायची. पान न टाकता नुसत्या पाण्यात ठेवलास तर आठवड्याभरात त्याचे कल्ले कुजतील. मग रडत येऊ नकोस. मी बावीस वर्षं मासे पाळतोय, तू बावीस दिवस."

विपावीने हात जोडून नमस्कार केला आणि पानं पिशवीत ठेवली. ती गेल्यावर फदुंग बराच वेळ शिकल्यासवरल्या माणसांच्या नावाने बोटं मोडत होता.

मंगळवारी त्यानं नराला जोडीच्या घमेल्यात सोडलं. पाणी वीतभर खोल, वर तरंगतं बदामाचं एक मोठं पान. त्या पानाखाली नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि मग मादी सोडायची. फदुंगने टोपलीतलं सगळ्यात रुंद पान निवडलं होतं. बुधवारी सकाळी घरटं नव्हतं. नर घमेल्यात पिसाटासारखा फिरत होता, मध्येच अंगाला झटका बसल्यासारखा वाकत होता. दुपारी तळाला गेला. पर मिटलेले, रंग उतरलेला.

"गारठा लागला," फदुंग म्हणाला. त्यानं चिमूटभर खडेमीठ टाकलं. आणि आणखी एक पान.

"ती पोरगी हेच सांगत होती," लमाय म्हणाली. "धडका, मग तळाला आडवा."

"तिचा मासा अजीर्णाने पडला होता. हा गारठ्याने पडलाय. तुला माशातलं काय कळतं?"

"मला माशातलं नाही कळत. एवढी वर्षं तुमच्याकडे बघतेय, म्हणून तुमच्यातलं थोडं कळतं."

गुरुवारी सकाळी नर एका कुशीवर होता आणि कल्ले जेमतेम हलत होते. फदुंगने परसातल्या डेऱ्यातून डासांच्या ताज्या अळ्या आणल्या. डास मारायला गावभर धूर फवारणाऱ्या सरकारी माणसांना शिव्या घालत तो स्वतःच्या घरात डास वाढवायचा, कारण दाणे घालतात ते हौशे आणि अळ्या घालतात ते जाणकार. पळीभर अळ्या वळवळत पाण्यात उतरल्या. नराने ढुंकूनही पाहिलं नाही. फदुंग तिथंच उकिडवा बसून राहिला.

तासाभराने लमाय मागे येऊन उभी राहिली.

"खाल्लं का त्यानं?"

"आजारी आहे. कसा खाईल?"

"तो आजारी आहे, पटलं. पण अळ्या का मेल्यात? त्यांनाही गारठा लागला?"

फदुंगने वाकून पाहिलं. तळाशी बारीक काड्या पडाव्यात तशा अळ्या पडल्या होत्या. एकही हलत नव्हती. अळी गटारात जगते, डबक्यात जगते, बदामाच्या पाण्यात तर हमखास जगते. त्यानं दोन पेले भरले, दोन्हींत डेऱ्यातल्या अळ्या सोडल्या आणि एकात टोपलीतल्या पानाचा तुकडा टाकला. दुपारपर्यंत त्या पेल्यातल्या अळ्या तळाला होत्या आणि दुसऱ्या पेल्यातल्या मजेत वरखाली करत होत्या.

मग त्याला तो दिवस आठवला. महिन्याभरापूर्वी धूरवाले आले होते. कर्ण्यावरून आदल्या दिवशी सांगून गेले होते. फदुंगने सगळ्या बाटल्यांवर ओली पोती टाकली, दारं लावली, आणि शेजारच्याची चार पोती वाऱ्याने उडाली तेव्हा त्याच्या नावाने गल्लीभर हसला. धुराचा ढग त्याच्या घरावरूनही गेला. घराच्या पत्र्यावर टोपलीभर धुतलेली पानं वाळत होती. मासे झाकण्याच्या शहाणपणात ती त्याला आठवली नव्हती. संध्याकाळी ती कोरडी झालेली बघून त्यानं टोपलीत भरली होती.

आता त्यानं तेच केलं जे एका बालवाडीच्या बाईने कुणी न शिकवता केलं होतं. सगळं पाणी ओतून दिलं आणि नराला साध्या शिळ्या पाण्यात ठेवलं. फक्त तिनं ते पहिल्या तासात केलं होतं आणि यानं तिसऱ्या दिवशी, दोन पानं आणि मीठ टाकून झाल्यावर.

टोपली त्यानं लमायला दिसणार नाही अशा बेताने मागे जाळली. लमायला अर्थात दिसली.

"त्या पोरीला फोन करा," ती म्हणाली.

"कशाला?"

"दोन पानं दिलीत ना तिला."

"तिचा मासा बरा झालाय. ती कशाला टाकतेय?"

"तुम्ही टाक म्हणालात. कल्ले कुजतील म्हणालात."

"उद्या करतो."

"आत्ता करा. एक वाक्य तर आहे. पान खराब आहे, टाकू नकोस."

वाक्य एकच होतं, हे खरं. पण ते उच्चारायचं तर त्यामागे दुसरं वाक्य येणार होतं, की बाई, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, आणि ते फदुंगच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. तिच्यासारखीला एकदा बरोबर म्हटलं की ती डोक्यावर बसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. शुक्रवारीही तेच सांगितलं. लमायने दोनदा आठवण करून दिली आणि मग बोलणं सोडलं.

शनिवारी उजाडताना नर वर तरंगत होता. फदुंगने त्याला ओंजळीत घेतलं. तांब्याचा रंग राखेसारखा झाला होता. तो पायरीवर बसला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणाला शिवी द्यावी ते सुचेना. आत तीन माद्या बाटल्यांमध्ये फिरत होत्या, आणि एकमेकींना बघून पिसाळू नयेत म्हणून बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठे लावायचं त्या सकाळी त्याला भानही नव्हतं.

ऊन वर आलं तेव्हा त्याला वाकडी शेपटी आठवली.

शेपटी वाकडी असली म्हणून काय झालं, रक्त तेच. एका पिढीत सरळ करता येते. बापाचा रंग त्यानंही घेतला होता, हे आता आठवलं. फदुंग ताडकन उठला. घरातला मोठा घागरीएवढा काचेचा हंडा धुऊन ठेवला, बँकॉकची बस कितीला आहे ते लमायला विचारलं, आणि दोन दिवस जो फोन हातात घ्यायला जड होता तो एका दमात लावला.

"पोरी, मी फदुंग काका बोलतोय. तुझा तो भोपळा मला थोड्या दिवसांसाठी हवाय. जोडी लावायची आहे. पिल्लांतली तुला हवी तेवढी घे."

"काका, भोपळा गेला," विपावी म्हणाली. "आज पहाटे."

फदुंगने पायरीला हात टेकला.

"मी चार-पाच दिवस पानं टाकलीच नव्हती. मला उगाच भीती वाटत होती. तो चांगला खेळत होता तोवर. मग रोज वाटायचं, काका एवढे जाणकार, त्यांनी सांगितलंय आणि आपण शहाणपणा करतोय. काल शाळेला सुट्टी होती, म्हणून काल सकाळी टाकली. दोन्ही. तुम्ही म्हणालात तशीच. मीच उशीर केला असणार. वेळेवर टाकली असती तर वाचला असता ना?"

लमाय दारात उभी होती. हातातला पेजेचा वाडगा तिनं खाली ठेवला नव्हता. फदुंगला इतकंच करायचं होतं की हो म्हणायचं. गावातल्या चाळीस घरांना तो जन्मभर तेच म्हणत आला होता, उशीर तुमचा, हयगय तुमची. ती पोरगी तर उत्तर स्वतःच हातात देत होती.

"नाही," तो म्हणाला. "पानं विषारी होती. माझ्या पत्र्यावर फवारणीचा धूर बसलेली. तू पहिल्या दिवशी सांगितलंस तेच बरोबर होतं. माझा नरही त्यानंच गेला."

"अरेरे काका," विपावी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं, ते त्याला ऐकू आलं आणि सोसलं नाही. मुलांना एक दोन शिकवणारी बाई होती ती. तिनं दिवस मोजले असावेत.

"काका, पानं विषारी आहेत हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी," फदुंग म्हणाला. "दुपारी."

तिनं फोन ठेवला नाही. फदुंग तो कानाला लावून बसून राहिला, आणि आत तीन माद्या पुठ्ठा नसलेल्या काचांतून एकमेकींकडे बघत होत्या.