आकोंगच्या टोपल्या आणि लमाईचा सूड

सुज्ञ वाचकहो, आमच्या त्रांग गावातील एका विधवेने भर दुकानात आपल्या दिरावर सूड कसा उगवला, तो वृत्तांत मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

लमाईचे आजेसासरे, ज्यांना सारे गाव आकोंग म्हणे, चीनमधून जहाजाने आले ते डुकराच्या खिम्याच्या, वाफेवर शिजणाऱ्या पुरचुंड्यांची विद्या घेऊन. पातळ पारीला चुण्या घालण्याची ती कला त्यांनी नातवांस न देता या नातसुनेस दिली व मरतेसमयी आपल्या बांबूच्या वाफटोपल्याही तिच्याच हाती सोपविल्या. परंतु तिचा पती निवर्तताच धाकटा दीर विरोत याने तिला दुकानाबाहेर काढले. ती रबराच्या मळ्यातली, चिनी हाताची चव तिला कुठून येणार, असे तो गिऱ्हाइकांसमोर बोलला. ती टोपल्या घेऊन निघून गेली. मागाहून त्याने पाटी लावली: 'आकोंगच्या मूळ टोपल्या, चरबीत मुरलेल्या.'

पुढे नऊ देवांचा उत्सव आला. त्या दिवसांत आम्ही पांढरी वस्त्रे नेसतो, मांस वर्ज्य करतो आणि मांस शिजलेल्या भांड्यातले काहीही खात नाही. विरोतने मांसविरहित अन्नाची खूण असलेली पिवळी पताका लावून कंदाच्या पुरचुंड्या मांडल्या. पाटी मात्र गर्वापोटी तशीच ठेवली. मी शेजारी चहा विकतो, म्हणून पुढील सर्व मी समक्ष पाहिले.

दुकान भरेपर्यंत लमाई दाराशी थांबली. मग आत येऊन म्हणाली, "भावजी, या टोपल्या आकोंगच्याच ना?"

"पाटी वाचता येत नाही वाटतं, वहिनी?"

"येते की. चरबीत मुरलेल्या, असं लिहिलंय. म्हणजे या सगळ्यांचं व्रत आज तुम्ही मोडलंत."

एका म्हातारीने तोंडातला घास तळहातावर काढला. विरोत घाईने लमाईजवळ आला आणि हलक्या आवाजात तिला दुकानात निम्मी भागीदारी देऊ लागला. ती मागे सरली. तेव्हा तो पुटपुटला, "नव्या आहेत. उत्सवासाठी आणल्यात."

"मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग आकोंगच्या कुठे आहेत?"

"तुमच्याकडे."

"आणि हातची कला कुणाला शिकवली आकोंगनी?"

"तुम्हाला, वहिनी."

पाटी त्याने स्वतःच्या हाताने उतरविली. शेवटचा खिळा निघेपर्यंत लमाई जागची हलली नाही. आता तरी समाधान झाले का, असे त्याने विचारले.

"अजून नाही," ती शांतपणे म्हणाली. "उत्सव संपू द्या. आकोंगच्या टोपल्या मांडून तुमच्या दारासमोरच चूल पेटवते."

आणि तिने ती पेटविली.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे.

आपला नम्र,
प्रासित, चहावाला, त्रांग