फोन न करता

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी कारखान्याला फोन करून कळवायचं, हा अन्न तपासणी खात्याचा जुना नियम. पाहुणे येणार म्हटल्यावर कोणाचं घर घाणेरडं सापडतं? फरशा घासल्या जात, शिळा माल नजरेआड होई आणि दर्शनी रॅकवर ताजा माल मांडला जाई. त्या रॅकला सगळे उघडउघड ‘साहेबांचा रॅक’ म्हणत. नमुना तिथूनच उचलला जाई आणि बिनबोभाट पास होई. दवाखान्यात मात्र पोट धरून बसलेली माणसं काही कमी होत नव्हती.

हा नियम काढून टाकायचाच, असं निरीक्षकबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. नव्या नियमाचा त्यांचा मसुदा संचालकांच्या टेबलावर धूळ खात पडला होता. बाई दर सोमवारी जाऊन ती धूळ झटकून येत.

“बाई, नमुने तर सगळे पास होतायत. मंत्र्यांना सांगू काय?” संचालक म्हणाले.

“एकदा न कळवता जाऊ द्या. काही सापडलं नाही तर मसुदा मीच परत घेते.”

“बरं. कुठे जाणार?”

“माझ्या भावाच्या डेअरीत.”

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दुसरीकडे गेले तर म्हणाल, बाईंनी डूख धरला,” बाई म्हणाल्या. “नमुना लंबू घेईल. मी कशाला हात लावणार नाही.” लंबू म्हणजे त्यांचा सहकारी, दारातून वाकून आत येणारा.

बोलून गेल्या खऱ्या, पण जिना उतरताना बाईंना दादाच आठवत राहिला. वडिलांमागे दादानेच त्यांना शिकवलं, मोठं केलं. पण मागे एकदा त्याच्याकडे जेवताना त्यांनी सहज विचारलं होतं, “एवढी डेअरी असून तुम्ही दही घरी का लावता, वहिनी?” वहिनीने घाईने विषय बदलला होता. तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

दादा डेअरीच्या दारातच भेटला. “अगं, फोन तरी करायचास.”

“केला असता तर रॅक बघून परत जावं लागलं असतं.”

लंबू रॅकला वळसा घालून थेट कोल्ड रूममध्ये शिरला. भिंतीवरचा थर्मामीटर अगदी थंडगार आकडा दाखवत होता. दाखवणारच, तो टांगलाच होता गार हवा फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी. लंबूने स्वतःचा थर्मामीटर मागच्या क्रेटमध्ये खुपसला, तर पारा भराभर वर चढला. तिथल्या दह्याच्या डब्यांची झाकणं फुगली होती. जुन्या तारखांवर नव्या तारखांच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

“दुकानांतून परत आलेला माल आहे,” दादा पुटपुटला. “सगळेच असं करतात. आणि तू माझ्यावरच उलटलीस?”

“तुला सोडलं तर दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू, दादा? आणि हे एवढं चांगलं आहे तर आपल्या घरी का येत नाही?”

दादाने मान खाली घातली. लंबूने पुढे केलेल्या पंचनाम्यावर त्याने सही केली.

माल नष्ट झाला, डेअरीला कुलूप लागलं. पंचनामा मसुद्याला जोडून बाई पुन्हा संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि नियम बदलेपर्यंत हलल्या नाहीत. आता तपासणी देशभर न कळवता होऊ लागली. दादाच्या घराचं दार मात्र त्यांना बंद झालं. बाई घरी ढसाढसा रडत आणि सकाळी तोंड धुऊन पुढच्या कारखान्यावर जात.

डेअरी सगळी दुरुस्ती करून पुन्हा सुरू झाली, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनीचा फोन आला. “रविवारी जेवायला या.”

ताटं वाढलेली होती. मधोमध डेअरीच्या दह्याचा सीलबंद डबा होता. सवयीने बाईंचा हात तारीख बघायला पुढे गेला आणि त्यांनी तो ओशाळून मागे घेतला.

“बघ की,” दादा म्हणाला. “मीही बघूनच आणलाय.”

त्याने सील तोडलं, पहिला चमचा शेजारी बसलेल्या आपल्या नातीच्या ताटात वाढला आणि दुसरा स्वतःच्या. मग बाईंनी आपली वाटी पुढे केली.