वाहून गेलेल्यांची यादी

आखाजीला पाच दिवस उरले होते आणि ज्योतीच्या मोबाइलवर धुळ्याहून शिव्या येत होत्या. गाण्यातल्या नव्हेत, सरळ तोंडातल्या.

‘बार’ हा खेळ तिनंच काढलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहतात आणि पाण्यावरून एकमेकींना गाण्यात शिव्या घालतात. तो बार ज्योतीनं खान्देशी गप्पांच्या एका फोरमवर आणला. एका काठावर जळगाव, दुसऱ्यावर धुळं, सहा-सहा खेळाडू. ज्याच्या नावानं शिवी आली त्यानं अठ्ठेचाळीस तासांत गाण्यातच उत्तर द्यायचं. लागोपाठ दोनदा गप्प राहिला, की त्याचं नाव ‘वाहून गेलेले’ या यादीत, आणि वरून समोरच्या काठाचं एक निरोपाचं गाणं. पंच ज्योती, नियमही तिचाच. जळगावात ती सेतू केंद्र चालवायची. तिथंही कागद अपुरा तर दाखला नाही, मग समोर कोणी का उभा असेना.

आता गप्प झाली होती ती जळगावच्या काठावरची यशोदाबाई. चोपड्याकडची, सत्तरीला टेकलेली, ज्योतीची सख्खी मावशी. पंधरवड्यापूर्वी तिनं धुळ्याच्या म्होरक्याला, योगराजला, असं धुतलं होतं:

पांझराकाठना योगराज, मिशीले लावे तेल,
भाकर थापे बायको, हाऊ बठ्ठा दिन खेळे खेळ!

बायको राबते नि हा सारा दिवस खेळतो, यावर धुळ्याचे लोकसुद्धा पोट धरून हसले होते. आणि आता तिची एक पाळी कोरडी गेलेली, दुसरीची मुदत आज सहाला संपत होती.

साडेपाचला योगराजनं सगळ्यांदेखत लिहिलं, “ज्योतीताई, घड्याळ बंद पडलं का? का मावशीचं घड्याळ वेगळं?”

“सहा वाजू द्या,” तिनं उत्तर टाकलं.

“आमच्या काठावरचा वना गप्प झाला, तेव्हा मी हात जोडले होते. आठ दिवस थांबा, त्याच्या घरी काहीतरी आहे. तुम्ही काय म्हणालात? वाचून दाखवू?”

आणि त्यानं महिन्यापूर्वीचं तिचं वाक्य वर काढलंच. ‘घर सगळ्यांनाच आहे, योगराजभाऊ.’

“निरोपाचं गाणं जळगावच्या काठाचं. ते बी पंचीणबाईंनी स्वतःच लिहिलं. काय हौस! आता मावशीचं पण लिहा की. का तिथं शाई वाळली?”

त्याखाली त्यानं ते गाणंही चिकटवलं:

वाही गया वना भाऊ, पानीले नही भार,
रडाले कोनी नही, रिकामं त्यानं दार!

हे गाणं ज्योतीला फार आवडलं होतं. शब्द कसे गोफणीतून सुटल्यासारखे आले होते. दोनशेवर लोकांनी हसरी तोंडं टाकली होती आणि तिनं ती पुन्हा पुन्हा मोजली होती. आज तेच गाणं योगराजच्या हातून आलेलं वाचताना तिला अंगात काटा रुतल्यासारखं झालं. तिनं केंद्राचं शटर अर्धं ओढलं आणि मावशीला फोन लावला.

“मावशी, बरी आहेस ना?”

“माले काय धाड भरनी? भाकरी थापी ऱ्हायनू.”

“मग उत्तर का देत नाहीस? अर्धा तास उरलाय. सुचत नसेल तर...”

“सुचत नही? योगराजना सात पिढ्या धुवाइतलं शे तोंडमा. देखत व्हतू, तू फोन करस का नही.”

“केला की.”

“माले करा. वनाले करा व्हता का?”

ज्योतीनं टेबलावरचे कागद सारखे केले.

“मी करा,” मावशी म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटल्याचा आवाज आला. “त्याना बाप गया व्हता, ज्योती. सुतकमा कोनी गानं म्हनस का? आनि तू लिखं, रडाले कोनी नही. तेराव्याले जेवाले बठेल मानसंनी ते मोबाइलवर वाचं.”

“त्यानं सांगायला हवं होतं ना! नियमात सुतकाचं...”

“ते लिखनं पडस का? आमना गावले समोरली गप्प झाली का बार थांबे. एखादी बाई गुडघाभर पानीमा उतरे, पल्याड जाये, इचारे, काय व्हयनं माय? मंग पुढली शिवी. तू काठवर उभी ऱ्हाईसन घड्याळ देखं.”

“मावशी, सहाच्या आत दोन ओळी टाक. नाहीतर मला तुझं नाव...”

“टाक मन्हं नाव. त्या पोऱ्याले एक नियम नि मावशीले दुसरा करशी, तर मन्हा उंबरा चढू नको.”

फोन तुटला.

सहा वाजता ज्योतीनं यादी उघडली. वनाच्या खाली यशोदाबाईचं नाव टाकताना तिला तीन वेळा अक्षरं खोडावी लागली.

योगराज टपूनच बसला होता. “झालं? मग निरोपाचं गाणं आमच्या काठाचं. आणि असं लिहीन, की म्हातारी आखाजीला तोंड दाखवणार नाही.”

“लिहा,” ज्योतीनं कळवलं. “तुमचा हक्क आहे. वनाचा नंबर तेवढा द्या.”

“आता? महिन्यानं? लाज वाटते का थोडी?”

“वाटते. नंबर द्या.”

मग नुसते दहा आकडे आले, शिवीशिवाय.

तिनं लावला. चार-पाच वेळा रिंग वाजल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

“कोन बोली ऱ्हायनं?”

“मी ज्योती. जळगावहून. वनाभाऊ आहेत का?”

“मी त्यानी माय. वना वावरमा गया. ज्योती म्हंजे? मन्हा दारवर गानं लिखनारी, तीच का तू?”

बाहेर अर्ध्या शटराखालून कोणीतरी वाकून विचारत होतं, दाखला मिळेल का म्हणून.

“हो,” ज्योती म्हणाली. “तीच.”

ज्योतीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.