उपासाच्या डब्यातली टरफलं

सकाळी सव्वाअकरा वाजता, होळी गावातल्या राहत्या घरात, लीला चुरी यांच्या उपासाच्या भगरीत पहिला खडा लागला. संकष्टी होती. उपासाचं अन्न थुंकायचं नाही म्हणून त्यांनी तो घास गिळला. पुढच्या घासालाही कचकन आवाज झाला. तोही गिळला. त्यानंतर मात्र त्यांनी ताटली खाली ठेवली आणि दुकानदाराचा उद्धार केला.

"अहो, इकडे या जरा! भगर म्हणून वाळू विकायला लागलेत मेले. तीनदा पाणी वाढवलं, शिजायचं नाव नाही."

हरिश्चंद्र चुरी मागच्या दारी होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते, आणि त्या क्षणी त्यांच्या आयुष्यातलं एक मोठं यश ते डोळ्यांनी पाहत होते. परसातल्या दगडावर ठेवलेल्या मातीच्या थाळीवर चिमण्या तुटून पडल्या होत्या. मुनिया आल्या होत्या. कबुतरं तर अशी धक्काबुक्की करत होती, की हरिभाऊंना गणपतीच्या जादा गाड्या आठवल्या.

"येतो गं," ते ओरडले. "आज कॅल्शियमला काय गर्दी आहे! फलाट भरून गेलाय."

ही गर्दी त्यांनी बोलावलेली नव्हती. त्यांची खटपट दयाळ पक्ष्यांच्या एका जोडीसाठी होती. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी जुना शेवगा आहे. त्याच्या ढोलीत गेल्या वर्षी या जोडीने घरटं केलं होतं. एका सकाळी ढोलीखाली फुटकी अंडी सापडली. कवच इतकं पातळ, की बोटाला लागताच चुरा झाला. अंडी का फुटली हे नक्की कळलं नाही. संशय कावळ्यावरही होता. पण हरिभाऊंनी मोबाइलवर पक्षीवाल्या मंडळींचा एक ग्रुप धरला आणि तिथे त्यांना सांगण्यात आलं, की अंडी घालायच्या दिवसांत मादीला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो. कोंबडीच्या अंड्यांची टरफलं धुवायची, चांगली भाजायची म्हणजे त्यातले जंतू मरतात, मग मसुराहून बारीक चुरा करून उघड्यावर ठेवायचा. मादी लागेल तेवढा उचलते.

पहिली भट्टी त्यांनी घरीच लावली. लीलाबाईंच्या पोह्यांच्या कढईत. घरात बोंबील चालत, कोलंबी चाले, अंडीही बुधवारी-रविवारी चालत. पण त्या दिवशी गुरुवार होता. अख्ख्या घरात जळक्या पिसांसारखा वास सुटला आणि लीलाबाईंनी निकाल दिला, "माझ्या स्वयंपाकघरात आणि माझ्या भांड्यांत हे परत दिसलं, तर तुम्ही आणि तुमचा दयाळ, दोघं शेवग्यावर राहायला जा."

मग हरिभाऊ शेजारच्या प्रिस्काकडे गेले. प्रिस्का घरगुती केक करून विकते. ईस्टरआधीच्या उपासकाळात लग्नं नसतात, पण वाढदिवस काही थांबत नाहीत. तिच्याकडे अंड्यांच्या टरफलांना तोटा नव्हता. केक बाहेर काढला, की ओव्हनच्या उरल्या उष्णतेत ती टरफलं भाजून घेई आणि मिक्सरला एकच गिरकी देई. न्यायला डबा लागे. तो हरिभाऊ नेत.

आता ते स्वयंपाकघरात आले. कढईत तूप, जिरं, मिरची आणि दाण्याच्या कुटाखाली त्यांना आपला माल दिसला. मसुराहून बारीक, कडेला किंचित पिवळसर. ओट्यावर स्टीलचा डबा उघडा होता. झाकणावर कोरलं होतं, सौ. लीला हरिश्चंद्र चुरी.

"काय वाटतं तुम्हाला?" लीलाबाईंनी विचारलं.

"असेल वाळू," हरिभाऊ म्हणाले.

"खाऊन बघा ना."

त्यांनी एक चमचा खाल्ला. दुसरा मार्ग नव्हता.

"लागतंय का?"

"थोडं लागतंय." ते चावत राहिले. "मिरची छान उतरलीय."

एरवी हे प्रकरण इथे मिटलं असतं. भगर बादलीत गेली असती, दुकानदाराला आठवडाभर शिव्या बसल्या असत्या. पण आजची संकष्टी साधी नव्हती. फुलपाड्याला दिलेली त्यांची लेक मेघना पाचव्या महिन्यात होती. याआधी दोनदा आशा लागली होती आणि दोन्ही वेळा याच महिन्याच्या आसपास सगळं थांबलं होतं. ते घरात कोणी बोलत नसे. आज तिची मोठी सोनोग्राफी होती. लीलाबाईंनी सकाळी देवापुढे सांगितलं होतं, माझा उपास कडक आहे, तू तुझं बघ.

भगर बाजारातून प्रिस्कानेच आणून दिली होती. लीलाबाईंनी तिला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून, कारण हात तुपाचे होते.

"प्रिस्का, भगर कुठनं आणलीस गं?"

"मार्केटातून, नेहमीच्याकडनं. का, वैनी?"

"खडे आहेत नुसते."

"शक्यच नाही. कंपनीची पिशवी आहे. सील फोडलंस ना तू?"

"कसली पिशवी? डब्यातून पाठवलीस की."

पलीकडे मिक्सर बंद झाला. मग प्रिस्का म्हणाली, "वैनी, तू बस खाली. खाऊ नको. मी येते."

ती आली ती ॲप्रनसकटच, हाताला मैदा. मागे नवरा स्टॅनी. सामान त्यानेच सकाळी पोचवलं होतं. प्रिस्काने कढईत पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग हरिभाऊंकडे. हरिभाऊ खिडकीतून कबुतरं बघत होते.

"स्टॅनी," ती म्हणाली, "मी काय सांगितलं होतं तुला? पिशवी वैनीला नि डबा हरिभाऊंना."

"तू फोनवर कस्टमरशी बोलत बोलत सांगितलंस. एक वैनीला, एक हरिभाऊंना, एवढंच मला समजलं." स्टॅनीने डबा उचलून सगळ्यांना दाखवला. "यावर काय लिहिलंय? सौ. लीला. पिशवीवर कोणाचं नाव होतं? मी वाचलं आणि दिलं. आता वाचता येतं हा पण गुन्हा?"

"मग त्या डब्यात काय होतं?" लीलाबाईंनी विचारलं.

प्रिस्काने खिडकीतून परसातल्या थाळीकडे बोट दाखवलं. लीलाबाईंना तेवढं पुरलं.

"माझा डबा," त्या सावकाश म्हणाल्या. "रुखवतातला. उपासाचा. तुम्ही अंड्याला नेलात?"

"रिकामा होता," हरिभाऊ म्हणाले.

"आणि पिशवी?"

"ती मला वाटलं, प्रिस्काने आता पॅकिंग सुरू केलं. भाजून, एकसारखा चुरा. मी म्हटलं, काय सुधारणा आहे!"

"चष्मा?"

"तुझा कुठे होता?"

लीलाबाई पाटावर बसल्या. रागाने बसल्या असं प्रथम वाटलं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आजच व्हायचं होतं," त्या म्हणाल्या. "आजच माझ्या पोटात अंडं जायचं होतं."

हरिभाऊंनी घसा साफ केला. "अंडं नाही गेलं. टरफल म्हणजे चुना. चुना पानाला लावतात. पान देवापुढे ठेवतात."

"तुम्ही गप्प बसा. नाव हरिश्चंद्र आणि म्हणे, असेल वाळू."

"मी पण खाल्लं की."

"तुमचा कुठे उपास होता? तुम्ही सकाळी पाव खाल्लाय."

प्रिस्का लीलाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"वैनी, ऐक. आमचा उपासकाळ चालू आहे. चाळीस दिवस आहेत माझ्याकडे. आजचा दिवस तू घे."

"घे म्हणजे?"

"मी देते तुला. आमच्यात अंडं चालतं, म्हणजे तो काही मोडलेला नाही. धड आहे."

"असं देता येतं?" स्टॅनीने विचारलं.

"तू फादर आहेस?"

"नाही."

"मग डबा घासायला घे."

लीलाबाई विचारात पडल्या. देण्याघेण्यात त्या काटेकोर होत्या. "मग तुझा एक कमी पडेल."

"ईस्टर झाल्यावर एक दिवस जास्तीचा करीन."

"म्हणजे मटण पुढे ढकललं," स्टॅनी नळाखालून म्हणाला.

"पण तुझ्या देवाला मेघना कशी ठाऊक असणार?"

"वैनी, काय बोलतेस! पहिल्या वाढदिवसापासून तिचा प्रत्येक केक माझ्या ओव्हनमधून गेलाय. त्याला काय वास येत नसेल?"

लीलाबाई हसल्या नाहीत, पण पदर तोंडावरून निघाला. ठरलं ते असं: दोघींनीही चंद्र उगवेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एक उपास मोडलेला, एक उसना, दोन्ही मिळून एक धरला जाईल अशी आशा. हरिभाऊंनी, मी पण धरू का, असं विचारलं. कोणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. दुपारी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं वालाचं कालवण तसंच झाकलेलं राहिलं.

ते परसात गेले. थाळीत भगरीचा दाणाही उरला नव्हता, तरी कबुतरं हटत नव्हती. आणि दयाळ नव्हता. एरवी नर तारेवर बसून शेपटी उडवत असे, मादी खाली पाचोळा उलटत असे. आज या जत्रेमुळे सकाळपासून ती जोडी खाली उतरलीच नव्हती, हे हरिभाऊंच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी टॉवेल फिरवून कबुतरं उठवली. ती पत्र्यावर बसली आणि परत आली. त्यांनी पुन्हा उठवली. वाडीतल्या लोकांनी त्या दुपारी एका निवृत्त माणसाला बराच वेळ टॉवेल फिरवताना पाहिलं.

दोन-अडीचच्या सुमाराला जावयाचा, उमंगचा फोन आला. लीलाबाईंनी स्पीकर लावला नाही. तरी हरिभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"ठोके?" लीलाबाईंनी विचारलं. मग, "आहेत म्हणजे चांगले ना? ... असं कसं, विचारायचं तरी ... बरं. ... पाठ करून? ... मग?"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ठोके आहेत. पण बाळ पाठ करून बसलंय. बाकी काही नीट दिसेना. डॉक्टरीणबाई म्हणाली, जरा चालून ये, फिरलं तर संध्याकाळी पुन्हा बघते. आता पोरगी दवाखान्याबाहेर चालतेय."

"उन्हात?"

"सावलीला. विचारलं मी."

पाठ करून बसणं हे चुरींच्या रक्तातच आहे, असं लीलाबाई म्हणाल्या. हरिभाऊंनी ते मान्य केलं.

चारनंतर नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. हरिभाऊंना वाटलं, डबा परत घासायला घेतला. आत जाऊन पाहिलं तर लीलाबाई कढईतली भगर, म्हणजे टरफलं, चाळणीत धूत होत्या. तूप जाईना म्हणून त्यांनी गरम पाणी ओतलं. कूट वर आला तो काढून टाकला. मिरचीचे तुकडे एकेक वेचले.

"काय करतेस?"

"मीठ-तिखट पाखराला चालतं का?"

"नाही."

"मग विचारता काय?"

उकळून, निथळून, फडक्यावर पसरून त्यांनी तो चुरा उन्हात ठेवला. वाळल्यावर स्वतः थाळीत घातला आणि थाळी दगडावरून उचलून शेवग्याखाली, अडुळशाच्या झुडपाआड ठेवली. तिथे कबुतरांना उतरायला जागा नव्हती. हे हरिभाऊंना महिनाभर सुचलं नव्हतं.

साडेपाचला नर तारेवर आला. थोड्या वेळाने मादी खाली उतरली. तिने थाळीच्या कडेवर बसून मान वाकडी केली, एकदा चोच लावली. उचललं की नाही, यावर दोघांचं एकमत झालं नाही. मग ती उडून ढोलीत शिरली आणि बाहेर आली नाही.

हरिभाऊ खिशातला मोबाइल काढून शेवग्याकडे निघाले. मोबाइलला टॉर्च होता.

"कुठे निघालात?"

"अंडी घातलीत का बघतो."

"बसा इथे," लीलाबाई म्हणाल्या. "तिकडे आपल्या पोरीला दिवसभर बघतायत तेवढं पुरे आहे."

हरिभाऊ पायरीवर बसले. मोबाइल त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. सहा वाजून गेले तेव्हा फोन आलेला नव्हता, चंद्राला अवकाश होता, आणि ढोलीत काय आहे ते कोणी पाहिलेलं नव्हतं.