खिडकीला ठोकलेला एक्स-रे

मी एक जुना एक्स-रे आहे. मित्रांनो, हसू नका; आम्हालाही मन असतं.

भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. अड्याळच्या तीन वर्षांच्या रिंकूचा इवलासा हात माझ्यावर उमटला. तिची बोटं आखूड होती, मधली हाडं तर चिंचोक्याएवढी. "मोठ्या डॉक्टरांना दाखवा," असं सांगून मला पिशवीत घालून दिलं. मला वाटलं, आता आपली मोठी विचारपूस होणार.

कसलं काय! रिंकूची आजी धुरपताबाई म्हणाली, "दाखवाचं काय त्यात? ग्रहनात हिनं विळीवर मासोळ्या चिरल्या, म्हून पोरीची बोटं खुंटली." हिनं म्हणजे सुनेनं, सरितानं. घर तलावात मासे धरणाऱ्यांचं. पोटुशी असताना तिनं ग्रहणात चार मासोळ्या चिरल्या, एवढाच तिचा गुन्हा. आजीनं ते घरोघरी सांगितलं. हळूहळू सरिताही स्वतःलाच दोष देऊ लागली. आणि मला फुटक्या काचेच्या जागी खिडकीला ठोकलं. पाच वर्षं मी ऊन अडवलं. माझ्यात कुणी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटे.

रिंकूची कंबर दुखू लागली, तेव्हा तिच्या बाबांनी, लिलाधरनं, खिळे उपसून मला पुन्हा दवाखान्यात नेलं. सगळं घर सोबत होतं. डॉक्टरबाईंनी मला उजेडावर लावलं. आजीनं पुढे होऊन माझ्यावर बोट ठेवलं, "हे पाहा, ग्रहनानं झालं."

डॉक्टरबाई त्या बोटाकडेच पाहत राहिल्या. "आजी, तुमचंही बोट आखूड आहे."

"ते जाळ्याच्या दोरीनं झिजलं, बाई."

मग आजीच्या हाताचाही एक्स-रे निघाला. आम्ही शेजारी शेजारी लागलो. तशीच चिंचोक्याएवढी हाडं! डॉक्टरबाईंनी समजावलं: हाडांचा हा दुर्मिळ आजार घराण्यातून येतो, आजीकडून लिलाधरकडे (त्याच्या बोटांत तो फारसा दिसत नाही), त्याच्याकडून रिंकूकडे. ग्रहणाचा संबंध नाही.

सरिता रडू लागली. आजीनं आपली बोटं रिंकूच्या बोटांशेजारी धरून पाहिली. मग म्हणाली, "माह्याच हातातलं हाय हे. अन् मी तुले बोल लावत राहिली, पोरी."

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन ती निघाली. जिथं जिथं सुनेचं नाव खराब केलं होतं, त्या प्रत्येक दारात तिनं आम्हाला उन्हात धरलं आणि शेजारी आपला हात धरला.

रिंकूची बोटं आखूडच राहतील. दुखण्यावर उपचार सुरू आहेत. माझ्या अंगाला चार भोकं आहेत, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, घरातला एक्स-रे खिडकीला ठोकू नका. मला वेळेवर कुणी नीट पाहिलं असतं, तर सरिताची पाच वर्षं वाचली असती.