टाळू भरणारी वाटी

मी एक जुनी काशाची वाटी आहे. आता काठाला चीर गेली आहे, पण खणखणीत वाजायचे दिवस मीही पाहिले आहेत. उदगीरच्या कासाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि देवणीजवळच्या एका गावातल्या नागम्माने मला घरी आणलं. तेव्हापासून माझं काम एकच. कोमट तेल धरायचं आणि घरातल्या बाळांची टाळू भरायची.

मित्रांनो, टाळू म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. तिथली हाडं अजून जुळलेली नसतात, कारण खाली मेंदू भराभर वाढत असतो आणि त्याला जागा हवी असते. नागम्मा तिथे तेल थापायची आणि म्हणायची, "टाळू भरली की डोकं भरलं." तिचा मुलगा शाळेत पहिला आला, तेव्हा शेजारणींनी माझंच कौतुक केलं. बिचाऱ्या मास्तरांचं नावही कोणी काढलं नाही! मी मात्र फुगून गेले.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. पावसाने दगा दिला होता. विहिरीचा तळ दिसत होता आणि टँकरचं गढूळ पाणी आम्ही फडक्यातून गाळून घेत होतो. अशात नागम्माची सून शिवकांता हिच्या तान्ह्या लेकीला जुलाब सुरू झाले.

"पाणी पाजू नको, पोट आणखी सुटंल," नागम्माने बजावलं. दुपारपर्यंत बाळाच्या टाळूला खळगा पडला.

"टाळू बसली गं माय! तेल आण!" असं म्हणत नागम्माने मला काठोकाठ भरलं. तिने तेल ओतलं, ते कानामागे ओघळलं. तिने पुन्हा ओतलं. मी पहिल्यांदाच घाबरले. एवढासा खळगा माझ्याच्याने भरेना. बाळ निपचित पडलं होतं. मध्येच रडायला तोंड वाकडं करी, पण डोळे कोरडेच राहत.

तेवढ्यात सरकारी दवाखान्याच्या सालेहा सिस्टर फेरीवर आल्या. बाळाला पाहताच त्यांनी गावातल्या एकाला सायकलवर पिटाळलं, दवाखान्याची जीप आणायला. मग त्या नागम्माकडे वळल्या.

"माय, तेल बस करा. लेकराच्या अंगातलं पाणी आटलंय, म्हणून टाळू बसलीय. ती वरून न्हाई भरत, आतून भरती. उकळून निवलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून पाजा. आईचं दूध बी चालू ठेवा."

"आन् जुलाब वाढले तर?"

"वाढू द्या. पाणी न्हाई गेलं तर मेंदूला रगत पोचणार न्हाई. जीप येईस्तोवर लेकरू हातचं जाईल, माय."

शिवकांता सासूच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. "आत्याबाई, पाजू का?" तिने विचारलं. 

नागम्मा पुढे झाली. तिने मला उचललं, तेल समईत ओतलं, चुलीतल्या राखेने मला खसाखसा घासलं आणि उकळत्या पाण्यातून काढलं. मग साखर-मिठाचं पाणी माझ्यात ओतून मला सुनेपुढे ठेवलं.

"पाज," ती म्हणाली.

पहिले चमचे बाळाने बाहेर काढले. शिवकांता पुन्हा चमचा भरायची आणि तो माझ्या काठावर वाजायचा. "थांबू नको, हळूहळू दे," सिस्टर म्हणत होत्या. रस्त्यावर जीपचा पत्ता नव्हता. मी रिकामी होत होते आणि नागम्मा मला पुन्हा भरत होती. आता थेंबही सांडू नये, एवढंच मला वाटत होतं.

ऊन कलायला लागलं आणि बाळाने एकाएकी भोकाड पसरलं.

"पाणी आलं! पोरीच्या डोळ्याला पाणी आलं!" नागम्मा ओरडली आणि स्वतःच रडू लागली. रडणाऱ्या बाळाला पाहून इतकं आनंदलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही. मग जीप आली आणि पोरगी दवाखान्यातून बरी होऊन परतली.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल, तर त्याला मायेने तेल जरूर लावा. पण जुलाबात टाळू खोल गेली, तर तेल शोधत बसू नका. साखर-मिठाचं पाणी पाजत पाजत दवाखाना गाठा. मला खुशाल रिकामी ठेवा, बाळाला मात्र कोरडं ठेवू नका.