मैदानातली चौकट

मित्रांनो, माझ्या डाव्या अंगाला भिंत नाही, उजव्या अंगालाही नाही. डोक्यावर छप्पर नाही. तरी मी दाराची चौकट आहे, आणि चांगली मेळघाटच्या सागाची आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या शाळेत येणारे पाहुणे मला बघून हसतात. हसू द्या. वऱ्हाडात चौकटी हजारो असतील, पण चित्रकलेच्या प्रदर्शनात मांडलेली चौकट मी एकटीच. तेवढा तोरा मला शोभतो.

माझा जन्म परतवाड्याच्या नत्थुजी सुतारांच्या हातून झाला. स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. नत्थुजींनी माझ्या दोन्ही खांबांवर एकेक पोपट कोरला आणि मला मुद्दाम बुटकी ठेवली. "मोठ्यातला मोठा मानूस बी वाकूनच आत गेला पायजे," असं ते म्हणायचे. जवळच्याच एका गावात खुशालराव पाटलांच्या नव्या घराला मला बसवलं. त्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, आंब्याच्या पानांचं तोरण चढलं, आणि माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

पाटलांची सून पार्वताबाई माप ओलांडून माझ्यातूनच आत आली. बारशी, जावळं, लग्नं, सगळं माझ्यासमोर झालं. पण खरं सांगू? मला जास्त अभिमान आत येणाऱ्यांचा नव्हता. बाहेर थांबणाऱ्यांचा होता. माझ्यापुढे माणसं थांबतात म्हणजे मी कुणीतरी मोठी, असं मला वाटायचं.

भागीरथाबाई त्या थांबणाऱ्यांपैकी एक. त्या पाटलांच्या शेतात कापूस वेचायच्या. त्यांच्या जातीला तेव्हा लोक अस्पृश्य मानत. धान्य न्यायला आल्या की त्या उंबरठ्यापासून चार हात दूर मातीत बसायच्या. पार्वताबाई वरूनच त्यांच्या पदरात ज्वारी टाकायच्या, आणि तहान लागली तर वरूनच ओंजळीत पाणी ओतायच्या. एकदा भागीरथाबाईंचा लहानगा धर्मा पुढे आला आणि त्याने माझ्या पोपटाला हात लावला. पार्वताबाईंनी लगेच घागरभर पाणी आणून मला धुऊन काढलं. मित्रांनो, मला तेव्हा फार बरं वाटलं. माझी केवढी काळजी घेतात, असं वाटलं. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दिवस पालटले. छप्पन साली भागीरथाबाई आणि त्यांचा मुलगा धर्मा नागपूरला जाऊन बौद्ध झाले. धर्माने धर्मपाल हे नाव घेतलं. तो मुंबईच्या चित्रशाळेत शिकला आणि अमरावतीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. इकडे पाटलांनी सिमेंटचं घर बांधलं आणि मला उपटून काढलं. माझी कवाडं गोठ्याला गेली. मी परतवाड्याच्या लाकडाच्या वखारीत जाऊन पडले. दोन पावसाळे काढले. कोंबड्या माझ्या पोपटांवर बसायच्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मी मनातल्या मनात पाटलांचीच चौकट होते.

तिथे एक दिवस धर्मपाल आला. त्याने माझ्यावरची धूळ पुसली, पोपट पाहिला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला. या वेळी मला कुणी धुतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला बैलगाडीत घालून अमरावतीला नेलं.

मुंबईत असताना धर्मपालने परदेशी मासिकांत वाचलं होतं की महायुद्धानंतर तिकडच्या काही चित्रकारांनी रंग आणि कुंचला बाजूला ठेवला आहे. एखादी साधी वस्तू मांडायची, किंवा माणसांनी एखादी कृती करायची, आणि तेच चित्र समजायचं. सहासष्ट सालच्या हिवाळ्यात अमरावतीला चित्रकलेचं मोठं प्रदर्शन भरलं. सभागृहात सगळ्यांची चित्रं टांगली होती. धर्मपालने मात्र बाहेर मैदानाच्या मधोमध दोन खड्डे खणले आणि मला उभी केली. माझ्या पलीकडे एक सतरंजी अंथरली, पाण्याचा माठ आणि पेले ठेवले. बाजूला पाटी लावली, 'आत या.'

परीक्षकांनी विचारलं, "मास्तर, तुमचं चित्र कुठे आहे?"

"हेच हाये साहेब. मानसं यातून जातात, थेच चित्र."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते सभागृहात निघून गेले. पण लोक आले, आणि काय सांगू तुम्हांला! घर नाही, भिंत नाही, देव्हारा नाही, तरी प्रत्येक जण माझ्यापुढे चपला काढायचा. एक साहेब तर उन्हात बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. परत जाताना बाजूने मोकळं मैदान होतं, पण तेही पुन्हा वाकून माझ्यातूनच बाहेर आले. मी खूश होते.

पण धर्मपालने हा सगळा घाट एकाच माणसासाठी घातला होता. आपल्या आईने एकदा, फक्त एकदा, या चौकटीतून आत जावं, एवढीच त्याची इच्छा होती.

भागीरथाबाई पहिल्या दिवशी आल्या आणि मला पाहून जागीच थांबल्या.

"हे तं पाटलाघरची चौकट होय. काहून आनली रे इथी?"

"आता हे पाटलाची नाही माय. जा तू आतून."

"घरच नाही तं आत कोठचं बापा?"

"मंग भेतं काहून? जाय ना."

"नाही जमत मले," असं म्हणून त्या माझ्यापासून चार हात दूर मातीत बसल्या. तहान लागली तेव्हा उठल्या, मला लांबून वळसा घालून माठाकडे गेल्या, पाणी प्यायल्या आणि त्याच वाटेने परत येऊन बसल्या. दिवसभरात तीन वेळा त्यांनी तसं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. धर्मपालने पुन्हा आग्रह केला नाही, पण संध्याकाळी त्याचा चेहरा उतरला होता. आणि मला प्रथमच कळलं की पाटलांचं घर मोडलं तरी माझं काम मोडलं नव्हतं. मी अजून त्या बाईला थांबवत होते.

तिसरा, शेवटचा दिवस. दुपारी परीक्षकांनी धर्मपालला सभागृहात बोलावून घेतलं. मैदानात मी आणि भागीरथाबाई, दोघीच राहिलो. तेवढ्यात समोरून कोण यावं? पार्वताबाई! त्यांच्या नातीचं चित्र प्रदर्शनात लागलं होतं, ते पाहायला त्या आल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, पोपटावर हात ठेवला आणि चपला काढल्या. पण आत माणूस दिसेना, आणि बाजूला मातीत बसलेल्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. भल्या घरची बाई यजमानांनी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. त्या उंबरठ्याबाहेरच थांबल्या आणि जरा हसत म्हणाल्या,

"घरात कोनी हाये काय?"

कोण असणार? हिवाळा असला तरी दुपारचं ऊन चटके देत होतं. भागीरथाबाई मातीत बसल्या जागी चुळबुळ करू लागल्या. आपल्या लेकाच्या दारात पाहुणी उभी आहे आणि तिला कुणी 'या' म्हणत नाही, हे काही त्यांना पाहवेना. शेवटी त्या उठल्या. पदर सारखा केला. मित्रांनो, माझ्या अंगातला सगळा साग थरथरला. त्या पार्वताबाईंच्या शेजारून पुढे आल्या, वाकल्या, आणि माझा उंबरठा ओलांडून आत गेल्या. मग वळल्या.

"या पाटलीनबाई. उन्हात काहून उभ्या? या, बसा."

पार्वताबाईंनी निरखून पाहिलं. "भागीरथा? तू व्हय?"

"मीच तं हावो. माह्या पोराचं हाये हे सारं. या ना."

पार्वताबाई वाकल्या आणि आत आल्या. सतरंजीवर बसल्या. भागीरथाबाईंनी माठातलं पाणी पेल्यात काढलं आणि पेला पुढे धरला. पार्वताबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग भागीरथाबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी पेला हातात घेतला, ओठांना लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"अजून दे व," त्या म्हणाल्या. "लय तहान लागली."

धर्मपाल परत आला तेव्हा दोघी सतरंजीवर बसून कपाशीवरच्या बोंडअळीविषयी बोलत होत्या. तो दूरच थांबला आणि तोंड फिरवून त्याने डोळे पुसले. परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं नव्हतं. 'ही कला नव्हे,' असा शेरा दिला होता. द्या म्हणावं शेरे! त्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं. ते घडलं तेव्हा तिथे मी होते, आणि हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान आहे.

आता मी धर्मपालच्या शाळेच्या आवारात उभी असते. मास्तरांची बदली अकोल्याला झाली, तेव्हापासून माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही. एका पायाला वाळवी लागली आहे. मुलं माझ्यावर लोंबकळतात, एकाने तर पोपटाची चोच तोडली. रागावत नाही मी, तुमचं वयच ते. पण मित्रांनो, वर्षातून एकदा मला जवसाचं तेल लावा, बुडाशी पाणी साचू देऊ नका. जुनं लाकूड तेवढ्यानेही पुष्कळ टिकतं. आणि तुम्ही आधी आत गेलात, तर मागे वळून बाहेरच्याला 'या' म्हणत जा.

मला दुरुस्त करावं असं कधी तुमच्या मनात आलं, तर खुशाल करा. पाय बदला, चोच जोडा, हवं तर रंगही द्या. फक्त एक करू नका. मला पुन्हा कवाडं बसवू नका.